बेनामी जुन्या इंजिनासाठी डिजिटल व्हर्नियर: कुठे कामाला येतो, कुठे अडतो

मॉडेल विमानाचं जुनं इंजिन हाती आलं आणि त्यावर नाव नाही, आकडा नाही, तर बहुतेक जण आधी फोटो जुळवत बसतात. त्यात फसगत होते. नीडल व्हॉल्व्ह, पुढचा नट, कधी कधी हेडसुद्धा आधीच्या मालकाने दुसऱ्या इंजिनाचं बसवलेलं असतं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वरून खाली जातो ते अंतर) मात्र सहसा कोणी बदलत नाही. ते मोजायला १५० मिमीचा, ०.०१ मिमीपर्यंत आकडा दाखवणारा स्टीलचा डिजिटल व्हर्नियर हे पहिलं हत्यार. त्याची खरी अचूकता साधारण ०.०३ मिमीची असते आणि या कामाला ती पुरते.

त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मिमी-इंच बदलायचं बटण. समजा बोअर २०.३२ आणि स्ट्रोक १७.७८ मिमी आला. आकडे अडनिडे वाटतात. बटण दाबा: ०.८०० आणि ०.७०० इंच. म्हणजे हे इंजिन इंचात आखलेलं आहे, आणि फॉक्स ३५ स्टंट या अमेरिकी इंजिनाची मापं नेमकी हीच आहेत. उलट १५ आणि १४ मिमी असे स्वच्छ आकडे आले की इंजिन मेट्रिक. मापं सेंटिमीटरमध्ये धरून बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक केलं की २.४७ सीसी येतात, २.५ सीसीच्या स्पर्धा-वर्गाच्या मर्यादेत बसणारे. नावातल्या आकड्यावर जाऊ नका. ओएस, एन्या यांसारख्या जपानी कंपन्यांनी मेट्रिक मापात इंजिनं बनवून त्यांना ३५, १९, ०९ (म्हणजे ०.३५, ०.१९, ०.०९ घन इंच) अशी नावं दिली.

अपूर्णांक दाखवणारा व्हर्नियर मिळत असेल तर तोच घ्या. कॉक्स बेबी बीचा बोअर ०.४०६ इंच, दशांशात काहीच सुचवत नाही. अपूर्णांकात तो १३/३२ निघतो. १९३० च्या दशकातल्या ब्राउन ज्युनियरचा बोअर ७/८ इंच, स्ट्रोक १ इंच. स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा असणं हीसुद्धा जुनेपणाची एक खूण आहे.

०.१ मिमी दाखवणारे प्लॅस्टिकचे व्हर्नियर इथे नकोत. सीसी त्यांनीही जवळपास बरोबर निघतील, पण ०.८०० आहे की ०.८०३ हे कळणार नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

आता उणिवा. आतले जबडे लहान बोअरला कमी माप दाखवतात, कारण त्यांची धार सपाट असते आणि गोल भिंतीला नीट टेकत नाही. बोअर १० मिमीच्या आसपास असेल तर हा फरक नजरेआड करता येत नाही. त्यामुळे रिंग नसलेला, घासून बसवलेला पिस्टन असेल तर बोअरऐवजी पिस्टनचा बाहेरचा व्यास मोजा. दोन्हींत फरक काही मायक्रॉनचाच असतो. पिस्टनला रिंग असेल तर ही युक्ती चालत नाही. मोजताना जबडे पिस्टनवरून ओढू नका, चरा पडतो.

स्ट्रोकसाठी प्लग काढून डेप्थ रॉड (व्हर्नियरच्या टोकातून निघणारी, खोली मोजायची पट्टी) आत सोडायचा, पिस्टन सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना माप घ्यायचं आणि वजाबाकी करायची. व्हर्नियरची टाच, म्हणजे हा रॉड निघतो ते टोक, दोन्ही वेळा एकाच जागी टेकलेली हवी. प्लगचं भोक तिरकं असेल तर स्ट्रोक खऱ्यापेक्षा जास्त येतो. अशा वेळी हेड काढाच. डिझेल इंजिनाला प्लगच नसतो, वर कॉम्प्रेशनचा दांडीचा स्क्रू असतो. तिथे सिलिंडर उतरवून पिस्टनचा माथा क्रँककेसच्या बैठकीपासून मोजा. अडकलेला काँट्रा-पिस्टन (त्या स्क्रूने खाली दाबला जाणारा सिलिंडरमधला वरचा पिस्टन) ठोकून काढायच्या फंदात पडू नका. इंधनातल्या एरंडेल तेलाने वाळून इंजिन जाम असेल तर हीट गनने शेकून सैल करा. पक्कडीने शाफ्ट फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग ओळख पटूनही उपयोग नाही.

बसवायच्या भोकांमधलं अंतर मात्र हा व्हर्नियर फार छान देतो. आतल्या जबड्यांनी एका भोकाचा व्यास घ्या, तिथेच शून्याचं बटण दाबा, मग दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा. पडद्यावर थेट मध्य ते मध्य अंतर येतं. भोकं कानशीने लांबवलेली असतील तर या मापावर विसंबू नका.

आट्यांपाशी व्हर्नियर थकतो. ४.७ मिमीला २ बीए (जुना ब्रिटिश आटा), ४.८३ ला १०-३२ (अमेरिकी, इंचातला) आणि ५ मिमीला एम५ (मेट्रिक), इतपत व्यासावरून सांगता येतं, तेही आटे झिजलेले नसतील तर. ० बीए आणि एम६ मात्र दोन्ही ६ मिमीचे, दोन्हींचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. फरक आट्याच्या कोनाचा, ४७.५ आणि ६० अंश. तिथे थ्रेड गेजची पानं लागतातच. ब्रिटिश इंजिन की युरोपातलं, हा प्रश्न पुष्कळदा इथेच सुटतो.

घेताना सोबत एक चांगलं ६०८ बेअरिंग न्या. बाहेरून २२, आतून ८, रुंदी ७ मिमी. दोन्ही जबडे त्यावर तपासा. ८ च्या जागी ७.९ दिसलं तर तो व्हर्नियर ठेवून द्या. स्वस्त व्हर्नियर बंद असतानाही सेल खातात, म्हणून काम झालं की सेल काढून ठेवा.

एवढं करून नाव मिळेलच असं नाही. १५ गुणिले १४ मापाची इंजिनं अनेकांनी बनवली. पण यादी आखूड होते, आणि मग हवा पुढून शाफ्टमधून आत जाते की मागच्या तबकडीतून, हेडला स्क्रू किती, एक्झॉस्ट कुठल्या बाजूला, हे फोटोंशी ताडून पाहायला अर्थ येतो.