जुन्या जिप्सी किंगमधले बदल: बराच काळ वापरल्यानंतरचा अनुभव

गाडी मारुती जिप्सी किंग, २००६ सालची, सॉफ्ट टॉप. १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन, पाच गिअर. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. जुन्नर भागातल्या एका बागायतदाराकडून घेतली. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण त्यांनीच करून ठेवलं होतं. मी मेकॅनिक नाही. नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी पाना हातात घेतो आणि जे घरी जमणार नाही ते गॅरेजला सोपवतो. गाडी पुण्यात असते. रोजचा वापर थोडा, पण शनिवार-रविवारी मुळशी, वेल्हे, भोर, भंडारदरा या पट्ट्यात कायम फिरते.

मुद्द्याचं आधी सांगतो. माझ्या गाडीत सगळ्यात जास्त फरक पडला तो नवीन काही बसवून नाही, झिजलेलं मूळ जागेवर आणून. जुनी जिप्सी घेणारे बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात ‘लिफ्ट किती इंच करू’, म्हणजे गाडी किती उचलू, असं विचारतात. माझं कळकळीचं म्हणणं आहे की हा प्रश्न सहा महिने बाजूला ठेवा.

जिप्सी १९८५ च्या शेवटी भारतात आली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९३ मध्ये दोन चाकांमधली रुंदी वाढवली, १९९६ ला १.३ लिटरची किंग आली आणि २००० मध्ये एमपीएफआय होऊन ताकद ८० हॉर्सपॉवरवर गेली. विकत घ्यायचीच तर ही शेवटची घ्या. कार्ब्युरेटरवाल्या गाड्या स्वस्त मिळतात, पण घाटात माणसं आणि सामान भरल्यावर फरक कळतो. ८० हॉर्सपॉवर ऐकायला कमी वाटते. मात्र सॉफ्ट टॉपचं वजन ९८५ किलो, टनाच्याही आत. चिखलात जिप्सी निघते ती या हलकेपणामुळे. त्यामुळे मी प्रत्येक बदलाला पहिला प्रश्न हाच विचारला की याने वजन किती वाढणार? जाड पाइपचे बंपर, छतावरचं कॅरिअर, दुसरी बॅटरी, विंच हे सगळं त्या प्रश्नावरच गळालं.

पुढचा अ‍ॅक्सल

गाडी आणली तेव्हा साधारण साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचं. रस्त्यातला सांधा किंवा खड्डा लागला की थरथर वाढून सगळी गाडी हलायची. जिप्सीवाल्यांना हे दुखणं नवीन नाही. दोन ठिकाणी मला स्टिअरिंगला डॅम्पर (धक्के शोषणारा आडवा शॉकअप) बसवायचा सल्ला मिळाला. डॅम्परने थरथर दाबली जाते, पण तिचं कारण तिथंच राहतं.

पुढच्या चाकामागे गोल लोखंडी नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, दिसतो, तो उघडला. आतलं ग्रीस ताकासारखं पांढरट आणि पातळ झालं होतं, म्हणजे पाणी आत जाऊन बराच काळ लोटला होता. किंगपिनची, म्हणजे ज्या खुंटीवर नकल वळतो तिची, बेअरिंगं बाहेर काढली तर बाहेरच्या कड्यावर रोलर जिथं टेकतात तिथं रेघांसारखे खळगे पडले होते. बोट फिरवलं की नखाला लागत. गाडी सरळ जाताना रोलर त्याच खळग्यांत बसतात, वळवली की उडी मारून बाहेर येतात. अशा बेअरिंगवर चाकांचं अलाइनमेंट कितीही वेळा करून घेतलं तरी उपयोग नाही.

नाना पेठेत बेअरिंगं, ऑइल सील आणि नमद्याच्या पट्ट्यांसकट सगळा संच मिळाला. बसवताना एका कामाला वेळ द्यावाच लागतो. किंगपिनच्या टोपीखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. त्या कमी-जास्त करून बेअरिंगवर ठरावीक दाब आणायचा असतो. दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड सोडवायचा, नकलच्या टोकाला ताणकाटा अडकवायचा आणि ओढायला किती जोर लागतो ते पाहायचं. बहुतेक ठिकाणी हे हाताच्या अंदाजाने करतात. मी मॅन्युअलमधला आकडा समोर ठेवून दोन्ही बाजू करून घेतल्या. त्या संध्याकाळी सातारा रस्त्यावर गाडी ऐंशीला नेली, हात हलका ठेवला, तरी चाक स्थिर. इतकं समाधान पुढच्या कुठल्याच कामाने दिलं नाही.

पाटे

जिप्सीला पुढेमागे चारही बाजूंना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, आहेत. वीस वर्षांत ते बसतात. मोजायला सोपं आहे: गाडी सपाट जागी उभी करायची आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायची. माझी मागची उजवी बाजू डावीपेक्षा जवळजवळ इंचभर खाली होती. पाट्यांच्या मधे गंज धरला होता, त्यामुळे ते एकमेकांवर सरकतच नव्हते. ‘जिप्सी म्हणजे कमरेचा खुळखुळा’ असं जे म्हणतात, त्यातला बराच भाग या गंजाचा असतो.

गॅरेजवाल्याने सोपा उपाय सुचवला. “दादा, लांब शॅकल टाकू. एका दिवसात गाडी दोन इंच वर.” मी नको म्हटलं. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाटा पुढून खाली झुकतो आणि अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला कलतो. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. ताम्हिणीच्या उतारावर तशी गाडी चालवणं मला मान्य नाही.

दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅक्सल पाट्यांच्या खाली घेणं. मुळात जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात, ते वर घेतले की गाडी चार-पाच इंच उचलली जाते. दिसायला रुबाबदार होते. पण दोन चाकांमधली रुंदी १३०० मिलिमीटर, म्हणजे गाडी मुळात अरुंद. तिला एवढं उचलल्यावर आडव्या उतारावर ती कलंडायला लवकर तयार होते, स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडतात आणि जोर दिला की पाटा पिळवटतो. ज्यांची गाडी फक्त स्पर्धेच्या मैदानात चालते त्यांचं गणित वेगळं. घरच्यांना घेऊन कोकणात उतरणाऱ्यासाठी हे नाही.

मी मूळ मापाचे नवीन पाटे, पाट्यांच्या टोकांतले नवीन रबरी बुश, पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि चारही शॉकअप बदलले. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण धुळीत करकरतात आणि धक्का जास्त आत पोचवतात, म्हणून रबरीच. बसवण्याआधी पाट्यांच्या मधे ग्रॅफाइट ग्रीस लावलं. काम झाल्यावर टेप लावली तर मागची उजवी बाजू पावणेदोन इंच वर आली होती. म्हणजे ज्या ‘लिफ्ट’साठी लोक पैसे मोजतात, ती या गाडीत कारखान्यातूनच आली होती. मधल्या वर्षांत फक्त खाली बसली होती. यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळले. ते चुकवू नका, नवीन पाटे बसताना थोडे ढिले पडतातच.

टायर आणि हवा

माझ्या गाडीवर २०५/७० आर १५ टायर होते. त्या जागी २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचे) घेतले. व्यास साडेतीन सेंटीमीटरने वाढला, म्हणजे अ‍ॅक्सलखालची जागा पावणेदोन सेंटीमीटरने. स्पीडोमीटर आता कमी दाखवतो: काटा ७६ वर असतो तेव्हा खरा वेग ८० असतो. जीपीएस लावून ताडून पाहिलं आहे.

२३५ चे टायर का नाही, हे बरेच जण विचारतात. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) ‘हाय’चं प्रमाण १.४०९ आणि ‘लो’चं २.२६८ आहे. म्हणजे फोर-लो (चारही चाकांना जोर, ‘लो’ गिअर) टाकल्यावर जोर जेमतेम १.६ पट होतो. शिवाय या इंजिनाचा पूर्ण टॉर्क साडेचार हजार आरपीएमला येतो, खाली ते पोकळ आहे. अशा गाडीला मोठं चाक लावलं की चढावर ती आणखी दमते आणि क्लच जळतो. २१५ लासुद्धा पाचवा गिअर घाटमाथ्यावरच कामाला येतो. चढावर तिसरा.

टायरइतकीच महत्त्वाची हवा. डांबरावर मी २६ पाउंड ठेवतो, चिखलाच्या किंवा दगडांच्या वाटेला लागण्याआधी १५ वर उतरवतो. केळदकडून मढे घाटाच्या बाजूला एक शेतवाट जाते. पावसात तिथं लाल मातीचा चढ असा होतो की पायी चढतानाही हात टेकावे लागतात. २६ वर चाकं जागच्या जागी फिरली. १५ वर उतरवून फोर-लो, दुसरा गिअर, आणि गाडी जोर न मारता वर गेली. त्यासाठी लागला फक्त बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज. एक चाक उचललं जाऊन फिरायला लागलं की डाव्या पायाने ब्रेक हलका दाबतो. फिरणाऱ्या चाकाला अडथळा आला की जोर दुसऱ्या बाजूला जातो. डिफरन्शियल लॉकरचा (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपाचा) खर्च त्यामुळे अजून तरी करावासा वाटला नाही.

काळ्या मातीत मात्र ऑल-टेरेनची मर्यादा दिसते. जुन्नर, नारायणगाव भागातली माती खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. तिथं मड-टेरेन (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर) लागतात, पण ते महामार्गावर घोंगावतात आणि ओल्या डांबरावर पकड कमी देतात. माझं नव्वद टक्के चालवणं डांबरावर असल्याने निवड बदलणार नाही. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांवर टायरची बाजू जपा, जांभ्याची धार तिथंच कापते.

आणि सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळी माळांवर, वाट सोडून गाडी घालू नका. रत्नागिरी, राजापूरच्या कातळसड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, पावसाळ्यात त्याच कातळावर इंचभर मातीत फुलं येतात. मोकळा माळ दिसतो म्हणून तो रस्ता होत नाही. आपल्या गाड्यांना गावकरी ओढा ओलांडायला मदत करतात, त्यांच्या बांधावर चाकाची खूण उमटता कामा नये.

पाणी

अ‍ॅक्सल गरम असताना ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी खेचलं जातं. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसलं तर हेच झालेलं असतं. दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर रबरी नळीने उंचावर घेतले, पुढचा इंजिनाच्या खोलीत, मागचा इंधन भरायच्या तोंडाजवळ. खर्च नगण्य, काम अर्ध्या दिवसाचं. पावसाळ्यानंतर ऑइल काढून पाहिलं, स्वच्छ होतं. स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) लावलेला नाही. बोनेटपर्यंत पाणी असेल तिथं मी जात नाही, आणि पूर आलेल्या ओढ्यात कोणीच जाऊ नये.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. बुल बारवर (पुढच्या बाजूच्या जाड लोखंडी पाइपांवर) २०१७ पासून बंदी आहे. माझ्या गाडीचं इंजिन, चेसिस, रंग, आसनसंख्या मूळचीच आहे. ओढण्यासाठीचे हूक थेट चेसिसला बोल्ट केले आहेत. टायरचं माप बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवलं आहे.

आत्ताची स्थिती

इंधन पूर्वी लिटरला साधारण ११ किलोमीटर मिळायचं, आता १० च्या आसपास. टाकी ४० लिटरची, त्यामुळे आडवाटेला जाताना भरूनच निघतो. शॉकअप चांगले आहेत, पाट्यांची उंची पुन्हा मोजली, बसलेली नाही. किंगपिनला ढिलेपणा नाही, पण डाव्या नकलच्या सीलमधून ग्रीसची ओल दिसू लागली आहे. सॉफ्ट टॉप मागच्या कोपऱ्यातून गळतो. पुढच्या खुर्च्या दुसऱ्या गाडीच्या घेऊन मूळ रुळांवर बसवल्या. “अहो, आता महाडपर्यंत पाठ बोलत नाही,” हा बायकोचा अभिप्राय मला कुठल्याही मोजमापापेक्षा मोलाचा वाटतो.

राहिलेली कामं दोन. दुसऱ्या गिअरचा सिंक्रोनायझर (गिअर अलगद बसवणारी कडी) थंड असताना कुरकुरतो, म्हणून गिअरबॉक्स दिवाळीनंतर उतरवणार आहे. दुसरं, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. मारुतीच्याच छोट्या गाड्यांचे मोटरसकट स्टिअरिंग कॉलम बरेच जण बसवतात. हवा कमी असताना जागेवर चाक वळवणं जड जातं, हे खरं. पण स्टिअरिंगच्या सांध्याला वेल्डिंग करणारी जोडणी मला नको आहे. स्प्लाइनला स्प्लाइन (दांड्यावरच्या खाचा एकमेकांत) बसणारी, बोल्टने आवळलेली जोडणी पक्की करून देणारा आणि ती नियमात बसते हे लेखी देणारा कारागीर मिळाला तरच ते काम करेन.