सीनियरच्या फिजिओ-बायोकेम नोट्सची झेरॉक्स : नऊ महिने वापरल्यानंतर

बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, पहिल्या वर्षाला फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री एकाच पेपरात येतात. दोन जाड पुस्तकं मी हौसेनं घेतली आणि ती बहुतेक कपाटातच राहिली. हातात राहिली ती कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडची स्पायरल वही. अक्षर कुणा ताईचं, नाव कुठेच नाही. हा अनुभव त्या वहीचा.

आधी तक्रारी. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे हृदयाच्या आकृतीत शुद्ध-अशुद्ध रक्त सगळं एकाच काळ्या शाईत. किडनी दोन पानांत गुंडाळलीय. रक्तातल्या कॅल्शियमच्या ८.५ मधलं टिंब उडालंय, मी आठवडाभर ८५ पाठ करत होते! ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) असं लिहिलंय, व्हायवात म्हणजे तोंडी परीक्षेत तेच सांगितलं, तर सर म्हणाले, "हे आमच्या वेळचं. आता ३० किंवा ३२ म्हणा." प्रॅक्टिकलचं जवळपास काहीच नाही. साहलीच्या पिपेटमध्ये (हिमोग्लोबिन मोजायला रक्त घ्यायची बारीक काचनळी) २० च्या खुणेपर्यंत बुडबुडा न येता रक्त ओढणं वहीतून येतही नाही म्हणा.

तरी ही वही मी सोडली नाही, ती समासामुळे. ताईनं जागोजागी "खुर्चीवर" असं लिहून खाली दोन-तीन ओळी खरडल्यात. खुर्ची म्हणजे अर्थात डेंटल चेअर.

नर्व्हच्या धड्यात सगळे तेच पाठ करतात: उणे ७० मिलिव्होल्ट, सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. समासात प्रश्न होता, "पू झालेली दाढ नीट बधिर का होत नाही?" बधिर करायच्या लिग्नोकेन या औषधाचा पीकेए ७.९, म्हणजे या पीएचला त्याचा निम्मा भाग भारित आणि निम्मा भार नसलेला. त्याचा भार नसलेला भागच नर्व्हच्या पडद्यातून आत शिरतो. आत गेल्यावर त्यातला काही पुन्हा भारित होतो आणि सोडियमची वाट आतून अडवतो, म्हणून दुखण्याचा संदेश पुढे जात नाही. पीएच ७.४ असताना आत शिरू शकणारा भाग साधारण २४ टक्के. सुजेमुळे तिथला पीएच ६.४ पर्यंत उतरला असं धरलं, तर जेमतेम ३ टक्के. पीएच आणि पीकेएवरून हे प्रमाण काढायचं हेंडरसन-हॅसलबाखचं समीकरण मला तोवर निव्वळ छळ वाटायचं. हा हिशोब मी स्वतः मांडून पाहिला आणि त्या रात्री बफरचा अख्खा धडा संपवला.

दुसरी जागा ग्लायकोलिसिसची, म्हणजे पेशी ग्लुकोज फोडून ऊर्जा काढते त्या वाटेची. दहा पायऱ्या, दहा एन्झाइम, घोकंपट्टी. त्यातल्या इनोलेज या एन्झाइमपाशी लिहिलंय, "राखाडी बूच आठव." शुगर तपासायला रक्त ज्या राखाडी बुचाच्या ट्यूबमध्ये घेतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते इनोलेज अडवतं, म्हणून पेशी नमुन्यातलं ग्लुकोज खात बसत नाहीत. दातांवरच्या थरातले जंतूही याच वाटेनं साखरेचं लॅक्टिक ॲसिड करतात, आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. म्हणजे टूथपेस्टमधलं फ्लोराइड दाताला घट्ट करतं, शिवाय जंतूंचं तेच एन्झाइम थोडंफार अडवतं. दोन धडे एका ओळीत!

कॅल्शियमच्या पानावर "एक मूल, एक दात" असं लिहून खोडलंय. दर बाळंतपणात आईचा एक दात जातो, हे माझी आजी अजून ठामपणे सांगते. तिला समजावलं की तयार इनॅमलमध्ये पेशीच नसतात, रक्तात कॅल्शियम कमी पडलं तर पॅराथायरॉइड ते हाडांतून काढतं, दातांतून नाही. आजीचं म्हणणं, "मग माझे चार दात गेले कुठे?" हिरड्यांबद्दल विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

लाळेचं पान मात्र निराशा. रोज एक ते दीड लिटर, तीन जोड्या मोठ्या ग्रंथी, संपलं. लाळ वेगानं सुटली की तिच्यात बायकार्बोनेट वाढतं आणि ॲसिड मारायची ताकदही वाढते, ही दातवाल्यांच्या खास कामाची गोष्ट मला पुस्तकातूनच काढावी लागली.

पास व्हायला एवढी वही पुरेल का? माझ्या मते नाही. किडनी आणि हार्मोन्सना पुस्तक लागतंच. घेणार असाल तर झेरॉक्सवाल्याला कडा कापू नको म्हणून आधीच बजावा. माझ्या प्रतीत थायरॉइडच्या पानावर "खुर्चीवर: ॲड्रेनलिन देताना" एवढंच उरलंय, पुढचं कटरखाली गेलं.