आधी शैलीचा निबंध, मग नाटक: सुझन-लोरी पार्क्स यांचा संग्रह

अमेरिकन नाटककार सुझन-लोरी पार्क्स म्हटलं की बहुतेक जण ‘टॉपडॉग/अंडरडॉग’ मागवतात. २००२ चं पुलित्झर त्या नाटकाला मिळालं. नाट्यलेखनासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. दोन भाऊ, एक खोली, पत्त्यांचा जुगार. ते नाटक पटकन कळतं. पण ही लेखिका घडली कशी हे बघायचं असेल तर आधी ‘द अमेरिका प्ले अँड अदर वर्क्स’ घ्या. १९९५ मध्ये थिएटर कम्युनिकेशन्स ग्रुपने काढलेल्या या संग्रहात सुरुवातीची नाटकं आहेत आणि त्यांच्याआधी निबंध.

शैलीवरचा निबंध सोडू नका. तो न वाचता नाटकात शिरलात तर असं पान समोर येतं:

ल्युसी
ब्राझिल
ल्युसी
ब्राझिल

नुसती नावं, संवाद नाही. ही छपाईची चूक नव्हे, हा ‘स्पेल’. कुणी बोलत नाही, पण पात्रं पूर्णपणे उघडी पडलेली असतात. ‘रेस्ट’ त्याहून छोटा, श्वास घेऊन वळण्यापुरता. तालमीत दोन्हींना सरसकट ‘पॉज’ समजतात, नाहीतर घाबरून स्पेलमध्ये हालचाली भरतात. दोन्हींनी प्रसंग मरतो. नावं ज्या क्रमाने आलीत त्या क्रमाने क्षण एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ द्या.

दुसरी गोष्ट पुनरुक्तीची. ही रीत पार्क्स यांनी जॅझवरून घेतली. आपलं ध्रुवपद जसंच्या तसं परत येतं. इथली ओळ परतताना एखादा शब्द बदलून येते आणि सगळं त्या बदलात असतं. पाठ करताना नट त्या ओळी नकळत एकसारख्या करून टाकतात, आणि मग नाटक रटाळ वाटतं. बदललेल्या शब्दांवर पेन्सिलीने खुणा करा. विचित्र स्पेलिंगंही उच्चारासाठीच आहेत, म्हणून मोठ्याने वाचा.

‘द अमेरिका प्ले’ हे संग्रहातलं सर्वांत जबरदस्त नाटक. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यासारखा दिसणारा, कबरी खणणारा कृष्णवर्णीय माणूस लिंकन बनून बसतो. गिऱ्हाईक एक पेनी देतं, पिस्तूल निवडतं, तो हसला की गोळी झाडतं. हसण्याचीच वेळ का? १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड्स थिएटरमध्ये विनोदी नाटक चालू होतं आणि प्रेक्षक हसले तेव्हाच मारेकरी बूथने लिंकनवर गोळी झाडली. हे माहीत नसेल तर पहिला अंक हातातून निसटतो. ‘टॉपडॉग’मधला लिंकन नावाचा भाऊ हेच काम नोकरी म्हणून करतो, त्यामुळे हे आधी वाचलं की ते जास्त लागतं.

या नाटकाला तळटीपा आहेत. त्या प्रयोगात ऐकू येत नाहीत, म्हणून नाटक पाहिलेलं असलं तरी पुस्तक हवंच. चौकटी कंसातला मजकूर प्रयोगात गाळायची मुभा आहे. पहिल्या वाचनात मात्र काहीही गाळू नका.