ल्युमॉसिटी ॲप: खेळायला मस्त, पण स्मरणशक्तीसाठी पैसे भरणार असाल तर थांबा

आधीच सांगते, डोक्याला व्यायाम म्हणून छोटे छोटे गेम देणारं हे ॲप छान आहे. आमच्याकडे मुळात आईसाठी घेतलं, पण तिच्या हातातला टॅब ओढून मी पण खेळते. ट्रेन ऑफ थॉट हा सगळ्यात भारी गेम, रंगीत गाड्या सुटतात आणि आपण रुळाचे सांधे बदलत प्रत्येकीला तिच्या रंगाच्या स्टेशनात पोचवायचं, सुरुवातीला निवांत असतं मग एकदम चहूबाजूंनी गाड्या, ठाण्याला ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची अनाउन्समेंट झाली की जे होतं ना तेच. मेमरी मॅट्रिक्स पण बरा, त्यात चमकून गेलेले चौकोन लक्षात ठेवायचे. फुकटात रोज तीन गेम मिळतात आणि खरं सांगू, तेवढे पुरतात. मराठी नाहीये, त्यामुळे शब्दांचे गेम आई माझ्याकडे ढकलते.

आता पैसे भरायचं. घरच्या म्हाताऱ्या माणसांचा विसरभोळेपणा लांबणीवर पडावा म्हणून बरेच जण हे घेतात, कंपनीच्या जाहिराती पण तशाच असायच्या, शेवटी २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) विचारलं की याला पुरावा कुठाय, आणि २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. दुसरं म्हणजे २०१० साली ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांना सहा आठवडे असले ऑनलाइन गेम (हे ॲप नाही) खेळायला दिले होते, तर जो गेम खेळले त्यात हात बसला, पण न खेळलेल्या, अगदी तशाच टेस्टमध्ये पण काही खास फरक नाही. म्हणजे स्कोर वाढला म्हणून किल्ल्या सापडतील असं काही नाही 😄

सगळंच फोल आहे असं पण नाही हं. अमेरिकेतल्या ॲक्टिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात ६५ च्या वरच्या लोकांना ट्रेनिंग दिलं, त्यातलं तर्काचं आणि नजरेने पटकन टिपायचं कौशल्य १० वर्षांनी पण टिकलेलं दिसलं, स्मरणशक्तीच्या ट्रेनिंगचं मात्र नाही. गंमतच!

मग ॲपऐवजी वाचन बरं का म्हणाल तर शिकागोच्या रश युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१३ मध्ये २९४ माणसांचा अभ्यास छापला, मृत्यूनंतर मेंदू पण तपासले, आणि मेंदूतल्या आजाराच्या खुणा हिशोबात धरल्या तरी जे म्हातारपणी वाचत-लिहीत होते त्यांच्या स्मरणशक्तीची घसरण हळू होती. आता वाचनामुळेच हळू झाली का हे त्यातून सिद्ध होत नाही, ज्यांचं डोकं शाबूत तेच वाचत असतील असं पण असू शकतं. पण आई कादंबरी वाचते, मावशीला फोन लावते आणि शेवट कसा फसलाय यावर दोघी तासभर भांडतात, पात्रांची नावं, नाती, कोण कुणाला काय म्हणालं सगळं आठवून आठवून, हे काय त्या चौकोनात होणार आहे?

तर ॲपला पाचपैकी तीन स्टार, फुकटवाल्याला. प्रीमियमचे पैसे मी वाचनालयाच्या वर्गणीत आणि दिवाळी अंकात घालीन. ट्रेनवाला गेम टॅबवरच खेळा, फोनवर ज्येष्ठांना सांधे बारीक दिसतात.