व्हायब्रेशन प्लेट, डावा पाय आणि सात महिने

गेल्या ऑगस्टमध्ये मला पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. हात अजून रुसलेलाच आहे. पाय तीन महिन्यांत उभं राहण्याइतका सुधारला आणि तिथेच अडला. पाऊल उचललं की चवडा लोंबायचा, चपलेचं टोक फरशीला घासायचं. मी स्वयंपाकघरातून बाहेर येतेय हे घरातल्यांना त्या खर्र आवाजावरूनच कळायचं.

डिसेंबरात मुलाने ही प्लेट, म्हणजे वर उभं राहायचं थरथरणारं यंत्र, ऑनलाइन मागवली, 14,500 रुपयांना. दहा मिनिटं उभं राहा, तासभर चालल्याचा फायदा, असा जाहिरातीचा दावा. एवढं खरं असतं तर कोथरूडमध्ये पहाटे कोणी चालायला बाहेरच पडलं नसतं!

घरी येणाऱ्या फिजिओ मुलीने खोकं फोडू दिलं नाही. आधी डॉक्टरांना विचारा, म्हणाली. पायात रक्ताची गुठळी, पेसमेकर, नुकतंच झालेलं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन, फिट्स, यातलं काही असेल तर यावर चढायचंच नाही. परवानगी मिळाली, मग पहिल्या दिवशी 30 सेकंद. पुढे दांडी, मागे कमरेचा पट्टा धरून आमचे हे. मी घाबरून गुडघे ताठ केले आणि हादरा थेट डोक्यात गेला. दात वाजले, चष्मा नाकावरून घसरला, समोरच्या भिंतीवर दोन-दोन कालनिर्णय दिसायला लागली. गुडघे किंचित वाकवले की तो हादरा मांड्याच पिऊन टाकतात. हे माहितीपत्रकात सगळ्यात मोठ्या अक्षरांत हवं होतं. तिथे मोठ्या अक्षरांत काय, तर पोटाची चरबी. पहिला आठवडाभर पोटऱ्यांना मुंग्या चावल्यासारखी खाजही यायची. ती नंतर आपोआप गेली.

माझी प्लेट सी-सॉसारखी आहे, एक पाय वर तर दुसरा खाली. सरळ वर-खाली होणाऱ्याही मिळतात. पॅनेलवर 1 ते 99 आकडे आहेत, पण ते कशाचे हे कुठेच लिहिलेलं नाही. फिजिओने मोबाइल प्लेटवर ठेवून ॲपने मोजलं, तर 99 ला भरले जेमतेम 12 हर्ट्झ, सेकंदाला 12 हादरे. झटका येऊन गेलेल्यांवरच्या अभ्यासांत बहुतेक 20 हर्ट्झच्या पुढेच वापरतात. म्हणजे त्याहून बरंच हळू थरथरणारं यंत्र आम्ही घेतलं. कंपनीला ईमेल केला, उत्तरात नव्या मॉडेलवर सवलतीचं कूपन आलं.

आता चालण्याचं. पार्किंगमध्ये ह्यांनी खडूने 10 मीटरच्या रेघा मारल्या आणि स्टॉपवॉच घेतलं. डिसेंबरात 32 सेकंद, मार्चअखेर 24. मी खूश. मुलगा तर फाइव्ह स्टार द्यायलाच निघाला होता. सेकंदाला 0.4 मीटरच्या आत असलात तर घरातल्या घरात, 0.8 च्या पुढे गेलात तर बिनधास्त बाहेर, असं फिजिओ लोकांचं ढोबळ गणित. मी नुकती पहिली रेघ ओलांडली होती.

एप्रिलमध्ये प्लेटची मोटर बसली. दुरुस्तीला 19 दिवस गेले. तेवढे दिवस बाकीचे व्यायाम चालू होते: खुर्चीतून हात न लावता उठणं, पायरीवर पाऊल ठेवणं, पार्किंगमध्ये फेऱ्या. प्लेट परत आली त्या दिवशी वेळ घेतली, 22 सेकंद. यंत्राशिवाय दोन सेकंद कमी! फिजिओ हसली. 2006 साली नेदरलँड्समध्ये 53 रुग्णांवर सहा आठवडे हेच तपासलं होतं, 30 हर्ट्झवर, आणि दुसऱ्या गटाला नुसते संगीताच्या तालावर व्यायाम दिले होते. दोन्ही गट सुधारले, थरथरीने जास्तीचं काही दिलं नाही. हे डिसेंबरातच का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाली, "काकू, खोकं आलं होतं ना!"

तरी मी ती विकलेली नाही. संध्याकाळी माझी पोटरी लाकडासारखी होते, टाच टेकत नाही. चार वेळा एकेक मिनिट उभं राहिलं की अर्धा-पाऊण तास ती सैल राहते, आणि तेवढ्या वेळात मी फेऱ्या घालते. तेव्हा चवडा कमी घासतो, हे ह्यांनाही आतल्या खोलीतून ऐकू येतं. पण उतरून टीव्हीसमोर बसलं तर सगळं पाण्यात. आज सात महिन्यांनी 10 मीटरला 18 सेकंद लागतात. तरी नळस्टॉपचा सिग्नल एकटीने ओलांडायची अजून हिंमत नाही.

मला विचाराल तर एवढे पैसे घालायच्या आधी ते फिजिओच्या फेऱ्यांवर घाला. उरले तर प्लेट. तीही हर्ट्झ छापलेली आणि दोन्ही बाजूंना पक्की दांडी असलेली. माझ्या प्लेटला दांडी फक्त समोर आहे, आणि डावा हात धरतच नाही.

आवाज तसा कमी आहे, पण जमीन थरथरते. खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्याच दिवशी वर आले होते, त्यांच्या मांडणीवरच्या वाट्या वाजतात म्हणून. आता खाली जाड रबरी मॅट आहे. परवा तेच काका पुन्हा आले. गुडघे दुखतात, पाच मिनिटं उभं राहून बघू का, विचारत होते. त्यांना पेसमेकर आहे. चहा पाजून खाली पाठवलं.