फोर्टचा शेअर मॅनिया वॉक : तेजी दीड तास, मंदी दहा मिनिटं

१८६० च्या दशकात मुंबईला शेअरचं जे वेड लागलं होतं, त्याची गोष्ट फोर्टमध्ये चालत फिरवून सांगणारी ही टूर. माणशी ७०० रुपये. सातला हॉर्निमन सर्कलला बोलावलं आणि गाइडदादा उगवले साडेसातला, आम्ही आपले डोंबिवलीहून अंधारात उठून आलेलो. पंचवीस जण, माईक नाही, मागे राहिलात तर फक्त कावळे ऐकू येणार. पण बोलायला लागला आणि राग गेला, खरंच.

टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसवून त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं, की अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव. लोकांनी म्हणे गाद्या उसवून आतला कापूस विकला (जरा तिखटमीठ लावलेलं वाटतं, पण ऐकायला मजा येते). पैसा इतका आला की ठेवायचा कुठे, मग निघाल्या नवीन बँका, फायनान्स कंपन्या आणि समुद्र बुजवायच्या कंपन्या. बॅक बे रिक्लमेशनचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला आणि जमीन कुठे, तर पाण्याखाली! माझ्या मेहुण्याने पनवेलच्या पुढे कुठेतरी प्लॉट बुक केलाय, तो हे ऐकून बाजूला जाऊन एजंटला फोन लावायला लागला, रविवारी सकाळी कोण उचलतोय.

सगळ्यात भारी सांगितलं ते वायद्याचं. त्यावेळी टाइम बार्गेन म्हणायचे. आज नुसता शब्द द्यायचा, हिशोब १ जुलै १८६५ ला. हातात शेअर नाही, खिशात पैसे नाहीत, सौदे मात्र लाखांचे. एप्रिलमध्ये तिकडे अमेरिकेत दक्षिणेचा जनरल ली शरण आला, युद्ध संपत आलं, कापूस कोसळला आणि १ जुलैला कोणाकडेच द्यायला काही नाही.

आता तक्रार. इथपर्यंत दीड तास झाला होता, सगळ्यांना भुका लागलेल्या, त्यामुळे पडझड उरकली ओव्हल मैदानावर राजाबाई टॉवरकडे बघत. त्यावेळचा कापूस आणि शेअरचा बडा दलाल प्रेमचंद रायचंद, त्याने टॉवरसाठी आईच्या, म्हणजे राजाबाईच्या, नावाने २ लाख दिले, टॉवर १८७८ ला पूर्ण, टाळ्या, फोटो. अरे पण ते पैसे दिलेत १८६४ ला, ऐन तेजीत! मंदी सांगताना तेजीतली देणगी कसली दाखवतोस? बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जं वाटली, तिचा २८५० ला गेलेला शेअर ८७ वर आला, त्या बँकेत प्रेमचंदशेठचं वजन किती होतं असं विचारलं तर "नंतर सांगतो" म्हणाला आणि सांगितलं नाहीच. १८६४ च्या गणतीत मुंबईत ८ लाख १६ हजार माणसं होती, १८७२ ला साडेसहा लाखांच्याही खाली. ही माणसं गेली कुठे? शेठ लोकांचं सगळं ऐकलं, कापसाच्या गठड्या उचलणाऱ्यांचं एक वाक्य नाही.

साडेतीन स्टार. मराठी बॅच आधी सांगितली तर मिळते, हिंदी-इंग्रजीतली घेऊ नका, तिथे म्हणे अजून घाई असते. टोपी न्या, पुढेच उभे राहा आणि काहीतरी खाऊन जा म्हणजे ओव्हलवर त्याला जरा थांबवता येईल.