जास्तीच्या कोबीचं काय करायचं: धपाटे की पीठ पेरून भाजी?

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात, म्हणजे जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आसपास, मंडईत कोबी एवढा स्वस्त होतो की एक घ्यायला गेलेला माणूस दोन घेऊन येतो आणि दुसरा आठ दिवस फ्रीजमधे पडून राहतो. आमच्याकडे दरवर्षी हेच. अशा कोबीचं मी दोन्ही करून बघितलंय.

चवीला धपाटे वरचढ, हे आधीच सांगतो. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, मूठभर कणीक, लसूण, तीळ, काळं तिखट आणि बारीक चिरलेला कोबी, सोबत दही अन शेंगाचटणी. गरम धपाटा ताटात पडला की पोरं बोलायचं थांबतात.

पण कोबीला मीठ लागलं की पाणी सुटतं ना, तिथं सगळं बिघडतं. पहिले दोन-तीन ओल्या फडक्यावर मस्त थापले जातात, पाचव्यापर्यंत पीठ सैल, फडकं तव्यावर उलटं टाकलं की अर्धा धपाटा फडक्यालाच चिकटून वर येतो, मग परत पीठ घाला, मग मीठ कमी, तिखट कमी. कोबी आधी पिळूनही बघितला, पण चव त्या पाण्याबरोबर गेल्यासारखी वाटली मला. आणि एवढं करून चौघांच्यात अर्धाच गड्डा संपतो.

भाजीत तेच पाणी कामाला येतं. तेल जरा सढळ, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद, कोबी, मीठ, वरून पाण्याचा एक थेंब नाही. कढईच्या तळाशी पाणी दिसायला लागलं की मध्यम गड्ड्याला वाटीभर बेसन सगळीकडे भुरभुरवायचं, लगेच हलवायचं नाही, झाकण ठेवून बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं. बेसन ते पाणी पिऊन वाफेवर शिजतं. त्याहून लांबवू नका, जास्त शिजला की कोबीला उग्र वास येतो. तळाची खरवड आमच्यात वाटून घ्यावी लागते, आणि गड्डा आख्खा संपतो.

पाहुणे असतील, तव्यापाशी उभं राहायला वेळ असेल तर धपाटे जरूर करा. आम्ही दोघंही नोकरीला, सातला घरी येतो, त्यामुळं आमच्याकडं बेसनाचाच डबा खाली निघतो. थोडी उरली तर सकाळी कडक भाकरी चुरून, वर कच्चं तेल घालून खातो.